तरवा पिवळा पडतो तेव्हा

प्रश्न : माझे वय 63 आहे. मार्गशीर्षात यजमान गेले आणि चैत्रात मुलाने मला रत्नागिरीजवळच्या गावातून पुण्याला आणले. मुलगा-सून जीव लावतात. तरीही मृग लागला त्या दिवशी, यंदा आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, काही बेगमी करायची नव्हती या जाणिवेने मी दिवसभर गॅलरीत बसून राहिले. माझे मन इथे रुजत का नाही?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, ‘रुजणे’ हा शब्द आपणच वापरलात, म्हणून दाखलाही आपल्या शेतातलाच देते. मुठी बांधून आणलेला तरवा, म्हणजे भाताची रोपे, चिखलात लावला की पहिले आठ-दहा दिवस तो पिवळा पडतो, मान टाकतो, हे आपण किती पावसाळे पाहिले असेल. उपटताना त्याची बारीक मुळे तुटलेली असतात आणि नवी पांढरी मुळे फुटेपर्यंत तो सावरत नाही. त्या दिवसांत जाणता शेतकरी खाचरात बोट-दोन बोटेच पाणी ठेवतो. रोप पिवळे दिसले म्हणून घाईने खत टाकत नाही. आपण तर काही महिन्यांतच दोनदा उपटल्या गेलात, एकदा संसारातून आणि एकदा गावातून. तरीही आपण स्वतःलाच जाब विचारता, हे मला फार कठोर वाटते.

आयुर्वेदात सरत्या ऋतूचे शेवटचे सात आणि येणाऱ्या ऋतूचे पहिले सात अशा 14 दिवसांना ऋतुसंधी म्हटले आहे. त्या काळात जुना आहारविहार क्रमाने सोडावा आणि नवा क्रमानेच धरावा, कारण एकाएकी केलेला बदल शरीराला मानवत नाही, असे त्यात सांगितले आहे. दुःखाला 14 दिवसांचे माप लागत नाही, पण हा क्रम लागतो. आपले गाव मात्र एका दिवसात पूर्ण सुटले. त्यातले थोडे परत घ्या. कुळीथ गावाहून मागवा आणि आठवड्यातून एकदा सूनबाईंना शेजारी उभे करून आपल्या हाताने पिठी करा. यजमानांचा विषयही आपणच काढा. आपल्याला त्रास होईल म्हणून मुलगा कदाचित गप्प राहत असेल. झोप किंवा भूक दोन आठवड्यांहून अधिक काळ गेली असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवण्यात दिरंगाई करू नका.

आणि आषाढात लावणीला चार दिवस गावी जाऊन या. घर उघडा, चूल पेटवा आणि परतताना परसातल्या हळदीचा एक कोंब मातीसकट घेऊन या. गॅलरीतल्या कुंडीत तो लावलात, तर गौरींच्या पातोळ्यांना चार पाने घरचीच होतील.