पहिल्या केमोआधी काय उरकून घ्यावं?

प्रश्न : वय २१, लातूरला इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर निघालाय. पुढच्या आठवड्यात मुंबईला टाटामध्ये पहिली केमो. दर पंधरा दिवसांनी एबीव्हीडी ही चार औषधांची केमो, मधल्या काळात घरी. डॉक्टरांनी वीर्य गोठवण्याचा विषय काढला तेव्हा बाबा शेजारीच होते, मला मान वर करता आली नाही. मित्र म्हणतात, ‘काही लागलं तर सांग.’ काय सांगू?

उत्तर : आधी वीर्याचं, कारण मुदत त्यालाच आहे. नमुना पहिल्या केमोआधीच द्यायचा. नंतरच्या शुक्राणूंमध्ये औषधांमुळे दोष असू शकतात. एबीव्हीडीनंतर बहुतेकांची मूल होण्याची क्षमता परत येते, पण पुढे औषधं वाढवावी लागली तर धोका वाढतो. उद्याच डॉक्टरांना म्हण, ‘पाच मिनिटं एकट्यानं बोलायचंय.’ त्यांना हे नवं नाही. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांच्या रक्ततपासण्या होतात. दोन-तीन दिवस स्खलन टाळून नमुना द्यायचा, वेळ असेल तर एक दिवस सोडून दुसरा. या आजारात मुळातच संख्या कमी निघू शकते. खचू नकोस, थोडे शुक्राणूही गोठवता येतात. साठवणुकीचं भाडं मात्र वेळेवर भर आणि फोन नंबर बदललास तर तिथे कळव.

मित्रांना नेमकं काम वाटून दे. ज्याच्याकडे गाडी आहे त्याच्याकडे रात्री दवाखान्यात न्यायचं काम. ताप १००.४ फॅरनहाइटला गेला की सकाळची वाट बघायची नाही. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना साधा संसर्गही काही तासांत जिवावर बेततो. डॉक्टरांना न विचारता पॅरासिटामॉल घेऊ नकोस. ताप दबतो आणि खरं दुखणं लपतं. लातूरमध्ये कुठल्या दवाखान्यात जायचं ते आत्ताच ठरव. औषधांची नावं आणि तापात काय करायचं, असं पत्र मुंबईच्या डॉक्टरांकडून घे. त्याचा फोटो त्या मित्राच्या मोबाइलमध्येही हवा. नोट्स, हजेरीचा अर्ज दुसऱ्याकडे. सर्दी झालेल्यानं फोनवरच बोलावं.

केमोनंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. तो एबीव्हीडीतल्या अ‍ॅड्रियामायसिन या औषधाचा रंग, रक्त नव्हे. आईला आधीच सांगून ठेव, नाहीतर तिचा जीव उडेल.

मुक्कामासाठी टाटातल्या समाजसेवा विभागात विचार. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती इथे रुग्ण आणि नातेवाईक राहतात. रेल्वेचा सवलतीचा फॉर्म रुग्णालयातूनच सही-शिक्क्यासह घे. स्लीपर आणि थ्री-एसीत तुझं भाडं माफ, सोबत्याला ७५ टक्के सवलत.

मध्यरात्री मन फारच भरून आलं तर १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या नंबरवर मराठीत बोलता येतं. आणि याच वाटेनं गेलेल्या कुणाशी बोलावंसं वाटेल, तेव्हा व्ही केअर फाउंडेशनच्या स्वयंसेवकांना भेट. त्यांच्यातले अनेक जण स्वतः कॅन्सरमधून बरे झालेले आहेत. केस गळायला लागले तेव्हा काय केलं, तोंडाची चव गेल्यावर काय खाल्लं, हे त्यांना मोकळेपणानं विचार.