‘मुलगी मशिनच्या नादी लागली आहे’

आपले पत्र आणि त्यासोबत मुलीच्या प्रयोगवहीतून फाडून पाठवलेले पान मिळाले. जैवतंत्रज्ञानाच्या पदवीच्या शेवटच्या वर्षात उत्तम गुण मिळवणारी आपली मुलगी ध्वनिलहरींनी पेशी फोडणाऱ्या सोनिकेटर या यंत्रामध्ये गुंतली आहे, पुढेही अशा उपकरणांवरच काम करायचे म्हणते, आणि ती संशोधक न होता ‘मेकॅनिक’ होईल अशी आपल्याला धास्ती वाटते. तिला परावृत्त कसे करावे, असे आपण विचारता.

मला धास्ती वाटली ती वेगळ्याच वाक्यामुळे. ‘ती वेळ कसा वाया घालवते ते कळावे म्हणून हे पान तिच्या नकळत पाठवत आहे,’ असे आपण लिहिता, आणि पुढच्याच ओळीत ‘हल्ली ती घरात काही बोलत नाही’ अशी तक्रार करता. या दोन ओळींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असे लिहिताना एकदाही मनात आले नाही का? चार पानी पत्रात तिला हे काम का आवडते याबद्दल अवाक्षर नाही. बहुधा आपण ते विचारलेलेच नाही. शिवाय प्रयोगवहीचे पान कधीही फाडायचे नसते, फसलेल्या प्रयोगाचेसुद्धा.

असो. ते पान मी दोनदा वाचले. ‘बटण दाबले की यंत्र पेशी फोडते, त्यात शिकायचे काय?’ हा आपला समज त्या पानानेच खोडून काढला आहे. सोनिकेटरमधील पिझोइलेक्ट्रिक, म्हणजे विजेने आकार बदलणारे, स्फटिक सेकंदाला साधारण 20,000 वेळा आकुंचन-प्रसरण पावतात आणि टायटॅनियमच्या दांडीचे, म्हणजे प्रोबचे, टोक त्याच गतीने द्रवात थरथरते. त्यातून सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि ते कोसळताना बसणाऱ्या तडाख्याने पेशींची आवरणे फाटतात. पण या क्रियेत उष्णताही निर्माण होते, आणि हवे असलेले एन्झाइम पेशीबाहेर येता येताच निकामी होऊ शकते. पहिल्या प्रयत्नात नेमके हेच घडले: यंत्र सलग 3 मिनिटे चालवल्यावर गढूळ द्रव नितळ झाला, प्रथिने भरपूर मिळाली, एन्झाइमची क्रियाशीलता मात्र जवळजवळ शून्य. मग तिने नळी बर्फात ठेवली, 10 सेकंद चालू आणि 20 सेकंद बंद अशी आवर्तने घेतली, फेस येऊ लागला म्हणून प्रोब थोडा खोल नेला, तरी तळाला टेकू दिला नाही, आणि चौथ्या खेपेला एन्झाइम हाती लागले. समासात बारीक अक्षरात आणखी एक नोंद आहे: ‘तळाशी करडी पूड. टोक झिजले?’ प्रोबचे टोक वापराने खरोखरच झिजते आणि धातूचे कण नमुन्यात उतरतात. मी याला संशोधनच म्हणेन.

तिच्यासाठीही एक स्पष्ट गोष्ट. एकाच यंत्रावर आयुष्याचा बेत बांधू नये. द्रव जास्त असेल तर उष्णता काढून घेणे जड जाते, म्हणून कारखान्यांत बहुधा द्रव अरुंद फटीतून जोराने ढकलणारे उच्च दाबाचे होमोजिनायझर किंवा पेशी बारीक मण्यांबरोबर घुसळणारी बीड मिल वापरतात. यीस्टच्या जाड पेशीभित्तिकेपुढे तर सोनिकेटरचा बराच वेळ जातो. या पद्धती तिने पाहाव्यात आणि सहा महिने लहरींचे भौतिकशास्त्र व इलेक्ट्रॉनिक्स शिकून पाहावे. त्यात जीव रमला तर उपकरणशास्त्र, नाही तर जैवरसायन किंवा जैवप्रक्रिया अभियांत्रिकी. प्रवेश परीक्षांची वेळापत्रके आपल्याला माझ्यापेक्षा अधिक पाठ दिसतात.

परावृत्त करण्याचा उपाय मी सांगणार नाही. पान सोबत परत पाठवत आहे. ते गुपचूप वहीत सरकवू नका; तिच्या हातात द्या आणि कोणाला पाठवले होते तेही सांगा. ती रागावेल, रागावू द्या. पुढचे पत्र, तिची इच्छा असेल तर, तिने लिहावे. त्या करड्या पुडीचे पुढे काय निघाले, तेही कळवावे.