आधी आठव, मग शोध

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

मोबाईलमुळे स्मरणशक्ती गेली का, असं तू विचारलंस. गेलेली नाही. तिला तू कामच देत नाहीस.

मानसशास्त्रज्ञ बेट्सी स्पॅरो आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात लोकांना 40 वाक्यं टाइप करायला दिली होती. त्यातलं एक वाक्य असं, की शहामृगाचा डोळा त्याच्या मेंदूपेक्षा मोठा असतो. निम्म्यांना सांगितलं की हे साठवलं जाईल, निम्म्यांना सांगितलं की पुसलं जाईल. पुसलं जाणार असं समजून चाललेल्यांना जास्त आठवलं. आणखी एका प्रयोगात तर वाक्यांपेक्षा ती कोणत्या फोल्डरमध्ये ठेवली, हेच लोकांच्या जास्त ध्यानात राहिलं. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासात तुझंही तेच चाललंय. पंचायतराजची पीडीएफ कोणत्या टेलिग्राम चॅनेलवर आहे हे तुला झोपेतही सांगता येईल, पण राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींचे विषय किती, असं विचारलं की हात फोनकडे जातो.

म्हणून आधी आठव, मग शोध.

फोन दुसऱ्या खोलीत ठेव. एक उपविषय घे, पाच-सहा पानं, जास्त नको. वाचून झालं की पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर दहा मिनिटं आठवेल ते लिही. अडलीस तरी लगेच पान उलटू नकोस, दोन मिनिटं ताण दे. अकराव्या अनुसूचीत विषय 29 की 18? चुकीचं का होईना, एक लिहूनच टाक. 18 लिहिलंस समज. मग पुस्तक उघडून लाल पेनाने दुरुस्त कर: 18 विषय बाराव्या अनुसूचीतले, नगरपालिकांचे, पंचायतींचे 29. ही दुरुस्ती त्याच बैठकीत झाली पाहिजे, नाहीतर चूकच पक्की होते. दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि एकविसाव्या दिवशी पुन्हा कोरा कागद घे.

बहुतेक जण दुसऱ्याच दिवशी हे सोडतात. कागद अर्धा रिकामा राहतो, जीव घाबरतो, आणि पुन्हा वाचन सुरू होतं. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं ना! ओळखीचे तर परीक्षेतले चारही पर्याय वाटतात. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये हेच तपासलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे. तुझी परीक्षा पाच मिनिटांनी आहे का?

फोन फेकून दे असं मी म्हणत नाही. भरतीच्या जाहिराती, जुन्या प्रश्नपत्रिका, चालू घडामोडी तिथेच बघ. पण स्क्रीनशॉट काढणं म्हणजे अभ्यास नव्हे, आणि हायलायटर फिरवणं तर नव्हेच. जुन्या माणसाचा हट्ट म्हण हवं तर. इतकी वर्षं मीही मुलांना नुसतं 'वाचत राहा' म्हणत आलो, त्याची खंत आहे. म्हणूनच आता इतकं निक्षून सांगतोय. आधी आठव, मग शोध.

उद्या पंचायतराजच्या 73व्या घटनादुरुस्तीपासून सुरुवात कर. संध्याकाळी लाल शाईसकट कागदाचा फोटो पाठव. कोरा राहिला तर कोराच पाठव.