‘सावत्र’ म्हणजे नेमकं कोण?

प्रश्न असा : आईने दुसरं लग्न केलं. तिच्या नवऱ्याला पहिल्या लग्नाची एक मुलगी आहे. तिच्याशी रक्ताचं नातं नसताना तिला सावत्र बहीण म्हणावं का? आणि ‘सापत्न’ म्हणजेच सावत्र का?

खुशाल म्हणावं. ‘सावत्र’ला रक्ताशी देणंघेणं नाही. बाप एक नि आया दोन, आई एक नि बाप दोन, किंवा दोन्ही वेगळे आणि फक्त मोठ्यांच्या लग्नाने एका घरात आलेली. मराठीत ही सगळी भावंडं सावत्रच. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याला मात्र हे चालत नाही. एका बापाची पण वेगळ्या आयांची मुलं आणि एका आईची पण वेगळ्या बापांची मुलं, अशा दोन स्वतंत्र व्याख्या त्यात आहेत. म्हणून वारसाच्या कागदात नुसतं ‘सावत्र भाऊ’ लिहिण्यापेक्षा आईबापांची नावं दिलेली बरी.

मूळ शब्द संस्कृत ‘सपत्नी’, म्हणजे एकाच नवऱ्याची दुसरी बायको. मधल्या ‘प’चा ‘व’ झाला, ‘त्न’चा ‘त्त’ आणि पुढे नुसता ‘त’, की झाली आपली सवत. सपत्नीवरूनच ‘सापत्न’, ‘सावत्र’ही त्याच घराण्यातला. सावत्र आई ही मुळात आईची सवत. ‘सावत्र बाप’ म्हणताना सवत कुठेच नसते, तिथे शब्दाने मूळ अर्थ पार मागे टाकलाय.

आजच्या वापरात दोघांनी कामं वाटून घेतली आहेत. नात्याला सावत्र, वागणुकीला सापत्न. ‘निधीवाटपात सापत्नभाव’ बरोबर; ‘सापत्न बहीण’ व्याकरणाने चुकत नाही, पण बोलण्यात कानाला खटकतं. काही जण ‘सापत्य’ लिहितात ते साफ चूक, अपत्याचा इथे संबंध नाही.

‘सख्खा’ बदलतो : सख्खी बहीण, सख्ख्या भावाने. ‘सावत्र’ जागचा हलत नाही : सावत्र बहीण, सावत्र भावाने.

खरा घोळ पुढच्या नात्यांत होतो. ‘सावत्र मामा’ म्हणजे कोण? आईचा सावत्र भाऊ, की सावत्र आईचा भाऊ? दोन्ही अर्थ निघतात, आणि दोन्ही माणसं एकाच कुटुंबात असू शकतात. मावशीचंही तेच. अशा वेळी एका शब्दाचा हट्ट सोडून ‘आईचा सावत्र भाऊ’ असं फोडून सांगावं. ‘सावत्र सासू’ला ही अडचण सहसा येत नाही, ती नवऱ्याची किंवा बायकोची सावत्र आई.

आणि हा शब्द तिसऱ्याला नातं सांगण्यापुरता आहे, हाक मारायचा नाही. हाक ‘आई’, ‘माई’, ‘ताई’ अशीच असते. ओळख करून देतानाही गरज नसेल तर ‘ही माझी बहीण’ एवढंच म्हणावं. ते खोटं ठरत नाही.