बीटी कापूस असूनही पानाखाली हिरवे, तिरके पळणारे किडे कसे?

ते तुडतुडे, अम्रास्का वंशातले. बीटी कापसाच्या झाडातच विष असतं, पण ते बोंडअळीसाठी. रस शोषणाऱ्या किडीला त्याचं काही वाटत नाही.

पान उलटून बघा. पिल्लं फिकट हिरवी, बिनपंखाची, डिवचलं की खेकड्यासारखी आडवी सरकतात. प्रौढाच्या दोन्ही पंखांवर टोकाकडे एकेक काळा ठिपका असतो, पण उडी मारायच्या आत दिसला तर! मादी अंडी पानाच्या शिरेत खुपसते, म्हणून ती सापडत नाहीत. रस पिताना लाळ आत जाते, तिनेच खरं नुकसान होतं: कडा पिवळ्या पडतात, खाली वळतात, मग लाल होतात. आपल्याकडे परभणी-जालन्यात याला सरसकट ‘लाल्या’ म्हणून मोकळे होतात. लाल्यात अन्नद्रव्यांची कमतरता किंवा थंडी असते. कडा वळलेल्या आणि खाली पिल्लं असली तर तुडतुडेच.

लव असलेल्या पानांच्या वाणावर ते कमी टिकतात. युरियाचा मारा केलेलं लुसलुशीत रान मात्र त्यांना फार आवडतं. बांधाला भेंडी-वांगी असेल तर तीही तपासा, तिथेही वाढतात. दर पानाला सरासरी दोन-तीन पिल्लं दिसेपर्यंत फवारणीची घाई नको, नाहीतर तुडतुडे खाणारे ढालकिडे आणि कोळीच आधी मरतात.