फुलणारा चहा गिफ्ट द्यावा का, चवीला कसा असतो?
द्या की, पण सोबत काचेची किटली असेल तरच, स्टीलच्या भांड्यात केला तर अर्धं गिफ्ट वायाच. मूळचा चीनमधला प्रकार, चहाची कोवळी पानं हातानेच दोऱ्याने बांधून त्यांचा गोळा बनवतात आणि आत सुकवलेला मोगरा, शेवंती, झेंडू असलं काहीतरी लपवतात. 80-85 अंशाचं पाणी ओतलं की गोळा आधी जरासा तरंगतो, मग एकेक पान सैल होत मागे सरतं आणि मधून फूल वर येतं, 3-4 मिनिटं सगळे मोबाईल सोडून तेच बघत बसतात. चव हलकी, सुगंधी, खरं सांगायचं तर कडक चहावाल्यांना पाणचटच वाटेल. उकळतं पाणी नको, कडवट होतो. त्याच गोळ्यावर दुसऱ्यांदा पाणी घातलं तरी चालतं बरं का.