ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल ही रग्बीचीच नक्कल आहे का?

मेलबर्नची ‘फूटी’ म्हणजे थोडीफार बदललेली रग्बीच ना, असं तुम्ही विचारलंय. मला हे अजिबात पटत नाही. रग्बीचा अंश तिच्यात आहे, पण हा खेळ मेलबर्नकरांनी एकत्र बसून, आपल्या गरजेपुरता घडवला.

मी इथेच राहतो. एमसीजी, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंड, आपल्याला क्रिकेटमुळे ठाऊक. पण त्याच्या बाहेर एक पुतळा आहे, चेंडूसाठी झटणारी दोन मुलं आणि सोबत पंच. तो पंच टॉम विल्स. इंग्लंडच्या रग्बी शाळेत शिकून १८५६ मध्ये परतलेला क्रिकेटपटू. हिवाळ्यात खेळाडूंचं अंग जड होऊ नये म्हणून फुटबॉल क्लब काढा, असं पत्र त्याने जुलै १८५८ मध्ये छापून आणलं. पुतळ्यातला सामना त्याच ऑगस्टमधला, स्कॉच कॉलेज विरुद्ध मेलबर्न ग्रामर, एकेका बाजूला ४० जण. तीन शनिवार खेळूनही एक-एक गोलची बरोबरीच!

नियम ठरले १७ मे १८५९ ला, परेड हॉटेलात. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याचे नियम करणारी लंडनची फुटबॉल असोसिएशन त्यानंतर चार वर्षांनी निघाली, हे लक्षात घ्या. विल्सने रग्बीचे नियम सुचवले होते, पण ते त्याच्याशिवाय कुणालाच कळले नाहीत, अशी आठवण त्याचा सहकारी हॅमर्स्लीने लिहून ठेवलीय. मग साधी, सुटसुटीत १० कलमं झाली. नडगीवर लाथ मारायला बंदी आली. टणक जमिनीवर आपटून घ्यायला ही काही शाळकरी पोरं नव्हती, सोमवारी कामावर जाणारी माणसं होती. (पाय घालून पाडणं मात्र तेव्हा चालायचं.) लाथेने उडालेला चेंडू थेट झेलला की ‘मार्क’, आणि बिनअडथळ्याची किक.

आणि ऑफसाइड, म्हणजे चेंडूच्या पुढे थांबून खेळायला मनाई करणारा नियम, ठेवलाच नाही. माझ्या मते खेळाचा चेहरा याच निर्णयाने बदलला. चेंडूच्या पुढे कुणीही, कुठेही उभं राहू शकतो, म्हणून खेळाडू मैदानभर पसरतात, लांब किक बसते आणि खाली झेलासाठी उड्या पडतात. चेंडू बगलेत मारून पळत सुटणाऱ्यांना १८६६ मध्ये आवर घातला: दर पाच-सहा यार्डांवर तो जमिनीवर टप्पा मारून घ्यायचा.

मार्नग्रूक या आदिवासी खेळातून फूटी आली, असंही तुम्ही ऐकाल. विल्सचं बालपण पश्चिम व्हिक्टोरियात जाबवुरुंग या आदिवासी जमातीच्या मुलांसोबत गेलं, त्यांची भाषा तो बोलायचा. हे नातं खरं असावं असं मला मनापासून वाटतं. पण मार्नग्रूकला १८५९ च्या नियमांशी जोडणारा त्या काळचा लेखी पुरावा सापडलेला नाही, आणि इतिहासकारांचा वाद त्यावरच अडलाय.